वाफेवरचा रस : वाचक विचारतात

गेल्या अंकात आपण स्टीम ज्यूसरची ओळख करून घेतली आणि लगेच प्रश्नांचा पाऊस पडला. ज्यांच्या हातून तो अंक सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात : हे तीन मजली भांडं. तळमजल्यावर पाणी. मधल्या भांड्यात रस साठतो, आणि त्याच्या मधोमध धुरांड्यासारखं पोकळ नळकांडं वर आलेलं असतं. सगळ्यात वर भोकांची चाळण, तिच्यात फळं, वर झाकण. खालच्या पाण्याची वाफ धुरांड्यातून चाळणीत जाते, फळाची साल मऊ पडून फुटते आणि रस ठिबकत धुरांड्याभोवती जमतो. मधल्या भांड्याला बाजूला तोटी, तिला सिलिकॉनची नळी, नळीला चिमटा. पिळणं नाही, वाटणं नाही, गाळणंही जवळजवळ नाही. सोपं वाटतं, पण चुका होतात त्या नेमक्या या सोपेपणातच.

प्रश्न : ताई, आमच्या परड्यात जांभळाचं मोठं झाड आहे. यंदा ज्यूसर आणलाय, पण त्याच्याबरोबर आलेल्या कागदावर चित्रांशिवाय काही नाही. पाणी किती, फळं किती, वेळ किती, सगळं पहिल्यापासून सांगाल का? — एक वाचिका, खानापूर

फळापासून सुरुवात करू. झाडाखाली जुनी साडी चौघांनी ताणून धरा आणि फांदी हलवा. मातीत पडून फुटलेलं जांभूळ रसाला नको. फुटलेल्या सालीतून आत गेलेली माती आणि बुरशी कितीही धुतली तरी निघत नाही, आणि महिन्याभराने बाटलीत तीच वर येते. पाडलेली जांभळं तीन पाण्यांतून काढा, देठ खुडा आणि चाळणीत निथळू द्या. बिया काढायच्या नाहीत, फळ चिरायचं नाही, चेचायचं तर मुळीच नाही.

नेहमीच्या घरगुती मापाच्या ज्यूसरला ४ किलो जांभळं आणि खाली ३ लिटर पाणी हा हिशेब धरा. चाळण काठोकाठ भरू नका, झाकणाखाली दोन बोटं जागा राहू द्या. साखर घालायची असेल तर किलोला ५० ते १०० ग्रॅम, आणि ती फळांच्या थरांमध्ये भुरभुरायची. साखर फळातलं पाणी बाहेर ओढते, त्यामुळे रस लवकर सुटतो. बिनसाखरेचाही रस निघतो, फक्त दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात.

आता क्रम. आधी तळाच्या भांड्यातलं पाणी एकट्याने उकळी येईपर्यंत तापवा. त्यात रुपयाची दोन स्टीलची नाणी स्वच्छ धुऊन टाका. पाणी उकळतं तोवर ती खडखडत राहतात. आवाज बदलला की पाणी संपत आलं, थांबला की संपलं. एवढ्या साध्या युक्तीने कितीतरी भांडी जळण्यापासून वाचतात. उकळी आल्यावर मधलं भांडं बसवा, नळीचा चिमटा लावलाय का हे बोटाने चाचपून बघा, मग चाळण आणि झाकण. गॅस मध्यम. मोठ्या आचेने रस लवकर येत नाही, नुसती वाफ झाकणातून स्वयंपाकघरात जाते आणि पाणी दुप्पट वेगाने आटतं. मध्यम आचेवर तासाला साधारण सव्वा ते दीड लिटर पाणी आटतं, म्हणजे ३ लिटर पाणी एका घाण्याला पुरून उरतं. गॅस लागतो दीडशे ते दोनशे ग्रॅम.

वेळ मोजायची ती झाकणाच्या कडेने वाफ यायला लागल्यापासून. जांभळाला ६० मिनिटं. चाळीस मिनिटांनी नळीतून दोन ग्लास रस पातेल्यात काढा आणि झाकण उघडून तोच फळांवर गोल फिरवत ओता. सुरुवातीचा आणि शेवटचा रस चवीला नि रंगाला वेगवेगळा असतो. हे केलं की सगळ्या बाटल्या एकसारख्या भरतात. झाकण उघडताना तोंड बाजूला आणि झाकणाची पलीकडची कड आधी वर. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट.

तासाभराने चाळणीत सुरकुतलेली, फिकट पडलेली जांभळं दिसतील. अशा वेळी हात शिवशिवतो आणि पळी घेऊन ती दाबावीशी वाटतात. दाबू नका. दाबलेला रस गढूळ होतो आणि जांभळाचा तुरटपणा घशाला बसतो. भांडं तोटीच्या बाजूला जरासं कलतं करा, उरलेला रस आपोआप येईल. ४ किलो जांभळांचा पावणेदोन ते दोन लिटर रस निघाला तर घाणा चांगला झाला म्हणायचं. बी मोठी असते, त्यामुळे याहून जास्तीची अपेक्षा धरू नये.

प्रश्न : दुसऱ्या घाण्याला खालचं पाणी जांभळं झालं, करपल्यासारखा वास सुटला आणि रस कमी आला. भांडं फुटकं लागलंय का? — एक वाचक, निपाणी

फुटकं नाही, भरून वाहिलं. मधल्या भांड्यातलं धुरांडं उंच असतं, पण त्याची उंची हीच रसाची मर्यादा. पहिल्या घाण्याचा रस न काढता दुसरा घाणा लावला की रस धुरांड्याच्या टोकावरून आत पडतो आणि सरळ खालच्या पाण्यात जातो. साखर असलेलं ते पाणी आटत गेलं की तळाला करपतं, आणि तोच वास वाफेबरोबर वरच्या फळांना लागतो. त्यामुळे तो घाणा बाद.

पुढच्या वेळी पहिल्या अर्ध्या तासानंतर दर पंधरा-वीस मिनिटांनी रस काढत राहा. नळीत रस सतत उभा दिसत असेल तर आत पातळी वाढली आहे असं समजायचं. रस काढायचं पातेलं शेगडीच्या पातळीपेक्षा खाली, स्टुलावर ठेवा. नळी वर उचलली की रस येत नाही. मग माणूस नळी हलवतो, चिमटा निसटतो आणि पायावर ऐंशी अंशांचा रस. चिमटा काढताना नळीचं तोंड पातेल्यात आधी घाला, मग चिमट्याला हात लावा.

करपलेला तळ घासण्याआधी त्यात पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून उकळा, तासभर राहू द्या. तारेची घासणी लावायची गरज पडत नाही.

प्रश्न : मिक्सरमधून काढून गाळलेल्या रसापेक्षा हा पातळ लागतो. पाणी मिसळतंय असा घरच्यांचा आरोप आहे! — एक वाचिका, शहापूर, बेळगाव

घरच्यांचा आरोप खरा आहे, पण चोर वाफ आहे. ४ किलो थंड फळं उकळीच्या जवळ आणायला जी उष्णता लागते ती वाफ स्वतः पाणी होऊन देते. हिशेब मांडला तर तेवढ्या फळांवर साधारण अर्धा लिटर वाफेचं पाणी होतं आणि त्यातलं बरंचसं रसात उतरतं. हे टाळता येत नाही, कमी मात्र करता येतं. फ्रीजमधून काढलेली फळं सरळ चाळणीत टाकू नका, ती आधी घरातल्या हवेला येऊ द्या. झाकण पुनःपुन्हा उघडू नका. वेळ झाली की थांबा. फळातला रस संपल्यावरही शेगडी चालू ठेवली तर पुढे येतं ते नुसतं पाणी.

उलट बाजूने बघायचं तर मिक्सरच्या रसात साल, गर, फेस सगळं येतं म्हणून तो दाट वाटतो. वाफेचा रस स्वच्छ असतो आणि गरम असतानाच बाटलीत जातो. वर्षभर टिकवायचा तर हाच बरा, आज दुपारी प्यायचा तर मिक्सरचा. कच्च्या रसातलं क जीवनसत्त्व वाफेच्या रसात कमी होतं, हेही लक्षात असावं.

प्रश्न : अथणीकडची द्राक्षं स्वस्त मिळाली म्हणून मार्चमध्ये दहा बाटल्या भरल्या. आता प्रत्येकीच्या तळाला काचेच्या चुरीसारखं काही दिसतंय. बाटलीची काच सुटली की काय? सगळं ओतून द्यावं का? — एक वाचिका, चिकोडी

ओतू नका. द्राक्षात टार्टारिक नावाचं आम्ल असतं. रस थंड झाला आणि काही आठवडे राहिला की त्याचे पोटॅशियमबरोबर खडे बनतात. ते टोकदार, चमकते असतात आणि दातांखाली कचकचतात, म्हणून काच वाटते. खात्री करायची तर थोडे खडे वाटीत घेऊन उकळतं पाणी घाला आणि ढवळा. ते विरघळले तर आम्लाचे, काच विरघळत नाही. खडे अपायकारक नाहीत. बाटली न हलवता वरचा रस हळू ओतून घ्यायचा, एवढंच.

पुढच्या वर्षी हे नको असेल तर रस काढल्यावर लगेच भरू नका. झाकलेल्या स्टीलच्या पातेल्यात एक ते दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. खडे तिथेच तळाला बसतील. वरचा रस दुहेरी फडक्यातून गाळा, पुन्हा ९० अंशांपर्यंत तापवा आणि मग भरा.

द्राक्षांच्या निवडीबद्दलही सांगतो, कारण बरेच जण इथेच फसतात. बाजारातली हिरवी बिनबियांची द्राक्षं खायला छान. वाफेवर मात्र त्यांचा रस फिका, तपकिरीकडे झुकणारा आणि नुसता गोड निघतो. काळी घ्या. दक्षिण कर्नाटकातलं बियांचं ‘बंगलोर ब्ल्यू’ मिळालं तर उत्तमच. खाताना साल जाड लागते, पण रंग आणि वास सगळा त्या सालीतच असतो, आणि वाफ सालीतूनच काम करते. घड सोलून मणी वेगळे करा. दांडे तसेच ठेवले तर रस कडवट होतो. ५ किलो मण्यांचा तीन-साडेतीन लिटर रस येतो.

प्रश्न : जांबोटीच्या रानातली करवंदं लावली. रस सुरेख आला, पण चाळणीला चिकट रबरासारखा थर बसलाय. साबणाने निघत नाही. — एक वाचक, खानापूर तालुका

तो करवंदाचा चीक. त्याला पाणी आणि साबण चालत नाही, तेल चालतं. कोरड्या चाळणीला खोबरेल किंवा शेंगतेल चोळा, अर्धा तास थांबा, जुन्या फडक्याने पुसा आणि मग गरम पाण्याने घासा. नळीत चीक गेला असेल तर तीही तेलाच्या बोळ्याने पुसून घ्या.

चीक मुळात कमी यावा म्हणून करवंदं पूर्ण काळी झालेलीच घ्या. लालसर, अर्धकच्च्या फळात तो भरपूर. देठ काढल्यावर फळं कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवली की देठाच्या जागेवरचा चीक पाण्यावर तरंगतो. ते पाणी ओतून द्या. करवंद आंबट असल्याने किलोला १०० ग्रॅम साखर लागतेच, ६० ते ७० मिनिटं वाफ.

प्रश्न : काजूच्या हंगामात बोंडं अक्षरशः टाकून देतो. त्यांचा रस या भांड्यात निघेल का? घसा धरतो त्याचं काय? — एक शेतकरी वाचक, खानापूर तालुका

निघेल, आणि टाकण्यापेक्षा शंभर पटीने बरं. पण सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. बी पिळून पूर्ण काढलेली असली पाहिजे आणि टरफलाचा तुकडासुद्धा चाळणीत जाता कामा नये. टरफलातल्या तेलाने कातडीला फोड येतात, आणि ते तेल वाफेवर तापवण्याची जागा स्वयंपाकघर नव्हे.

बोंडं झाडावरून पडल्याच्या दिवशीच वापरा. दुसऱ्या दिवशी ती आंबायला लागतात, वासच सांगतो. धुऊन दोन-दोन तुकडे करा. हे एकच फळ आम्ही चिरायला सांगतो, कारण आत किडकं आहे का ते बघावं लागतं. वाफ ४५ ते ५० मिनिटं.

घसा धरतो तो टॅनिन नावाच्या तुरट द्रव्यामुळे. त्यावरचा उपाय साबुदाणा. लिटरभर रसाला ५ ग्रॅम साबुदाणा दळून घ्या, थोड्या पाण्यात शिजवून त्याची पातळ खळ करा आणि रस थंड झाल्यावर त्यात ढवळून मिसळा. झाकून फ्रीजमध्ये बारा तास. टॅनिन खळीला धरून तळाला गाळासारखं बसतं आणि वरचा रस निवळतो. तो न हलवता काढून घ्या, फडक्यातून गाळा. भाताची पातळ पेजही हेच काम करते, पण साबुदाण्याचा गाळ घट्ट बसतो आणि रस वेगळा करायला सोपा जातो.

आता धोक्याचा भाग. बोंडाचा रस पुरेसा आंबट नसतो. साठवायचा असेल तर लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, सायट्रिक अॅसिड घाला, ९० अंशांपर्यंत तापवा आणि पुढच्या उत्तरात दिलंय तसा भरा.

प्रश्न : पंधरा दिवसांत तीन बाटल्यांची झाकणं फुगली, एक तर रात्री आवाज करून उडाली. बाटल्या उकळून घेतल्या होत्या. चुकलं कुठे? — एक वाचिका, निपाणी

या महिन्यातली जवळजवळ अर्धी पत्रं बाटल्यांबद्दलच होती, म्हणून जरा तपशिलात जाऊ. झाकण फुगणं म्हणजे आत काहीतरी जिवंत राहिलं आणि त्याने गॅस केला. त्या बाटल्या चाखूनही बघायच्या नाहीत. रस मोरीत ओता आणि बाटली उकळत्या पाण्याने धुवा.

चूक बहुधा तापमानात झाली. ज्यूसरमधून येणारा रस हाताला पोळतो, म्हणून तो उकळता आहे असं वाटतं. प्रत्यक्षात मधल्या भांड्यात तो ७५ ते ८५ अंशांच्या आसपास असतो, आणि नळीतून बाटलीत पडेपर्यंत आणखी उतरतो. थर्मामीटर घ्या, स्वयंपाकाचा साधा काचेचाही चालतो. तोटीजवळ रस ८५ च्या खाली असेल तर स्टीलच्या पातेल्यात काढून ९० अंशांपर्यंत तापवा. उकळी फुटू देऊ नका, उकळल्यावर जांभळाचा आणि द्राक्षाचा वास उडतो.

बाटल्या : गरम पाण्यात दहा मिनिटं उकळलेल्या आणि भरेपर्यंत गरमच. उकळून ओट्यावर तासभर वाळत ठेवलेली बाटली परत थंड आणि उघडी, म्हणजे सगळी मेहनत वाया. झाकणं नवीन हवीत. सॉसच्या जुन्या बाटल्या चालतात, त्यांची जुनी झाकणं नाहीत, कारण आतलं रबर एकदा दबलं की पुन्हा बसत नाही. चार-सहा रुपये वाचवायला जाऊन लिटरभर रस घालवण्यात अर्थ नाही.

वर पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास जागा सोडून भरा. बाटलीचं तोंड गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. तिथे लागलेला साखरेचा थेंब झाकण नीट बसू देत नाही. झाकण लावा आणि मग बाटल्या पुन्हा उकळत्या पाण्यात उभ्या ठेवा. तळाला फडकं, पाणी झाकणाच्या इंचभर वर. इथे बेळगावकरांसाठी एक वेगळा हिशेब आहे. समुद्रकाठच्या गावी लिटरपर्यंतच्या बाटलीला ५ मिनिटं पुरतात. आपलं गाव अडीच हजार फुटांवर आहे, इथे पाणी ९७-९८ अंशांलाच उकळतं. म्हणून पूर्ण १० मिनिटं द्यायची. गोव्याच्या नातेवाइकांनी सांगितलेली वेळ जशीच्या तशी इथे वापरली तर बाटल्या कच्च्या राहतात.

बाटल्या काढून लाकडी फळीवर किंवा जाड टॉवेलवर ठेवा. थंड शहाबादी फरशीवर गरम काच ठेवलीत तर तडा गेलाच. दुसऱ्या दिवशी झाकण मधोमध खाली दबलेलं दिसलं पाहिजे. दाबल्यावर टक् टक् वाजलं तर ती बाटली फ्रीजमध्ये आणि आठवड्यात संपवायची. बाकीच्या अंधाऱ्या कपाटात वर्षभर राहतात. उजेडात रंग उडतो, रस खराब होत नाही.

काही जणींनी रस टिकवण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पावडर टाकण्याबद्दल विचारलंय. वरच्या पद्धतीने भरलेल्या रसाला ते लागत नाही, आणि जांभूळ-करवंदाच्या रसात टाकलं तर त्याचा सुंदर रंग फिका पडतो.

प्रश्न : आंबा, कलिंगड, गाजर यांचा रसही यात काढून ठेवता येईल का? — एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

आंब्याचा गर वाफेने ठिबकत नाही, तो तसाच चाळणीत मऊ होऊन बसतो आणि भोकं बुजवतो. केळं, चिकू, सीताफळ यांचंही तेच. पेरूचा रस निघतो, पण त्याला दीड तास लागतो आणि आत पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट करणारा घटक, इतकं असतं की थंड झाल्यावर तो बाटलीत दाट होतो. पेरूची जेली करायचीच असेल तर मात्र याहून सोपी पद्धत नाही.

कलिंगड आणि गाजर यांचं कारण वेगळं, आणि ते गंभीर आहे. रसाचा पीएच ४.६ च्या खाली असेल, म्हणजे तो पुरेसा आंबट असेल, तरच उकळत्या पाण्याची पद्धत सुरक्षित. जांभूळ, करवंद, द्राक्ष, रातांबा (कोकमाचं फळ) हे त्याच्या चांगलेच खाली आहेत. कलिंगड, पपई, गाजर, बीट वर आहेत. अशा रसाच्या हवाबंद बाटलीत बोट्युलिनम जिवाणूचे बीजाणू उकळण्यातूनही वाचतात आणि विष तयार करतात. त्याला वास नसतो, झाकणही फुगेलच असं नाही. असा रस काढा आणि त्याच दिवशी प्या. टोमॅटो सीमारेषेवर आहे. लिंबू किंवा सायट्रिक अॅसिड घातल्याशिवाय तो बाटलीत बंद करू नका.

प्रश्न : रातांब्याचा रस वाफेवर काढावा की बरणीत साखर घालून उन्हात? — एक वाचिका, कणकुंबी

बरणी. सालींच्या दुप्पट साखर, थरावर थर, रोज हलवणं आणि आठ दिवस ऊन, याला तोड नाही. वाफेने रंग येतो पण सालीतला खरा दाटपणा चाळणीतच राहतो. पावसाने गाठलं आणि ऊन गेलं तरच ज्यूसर काढा : बिया पूर्ण काढलेल्या साली, किलोला २०० ग्रॅम साखर, ७० मिनिटं. बियांत तूप असतं, त्या राहिल्या तर रसावर तवंग येतो आणि नळी बुळबुळीत होते.

प्रश्न : एवढं महागडं भांडं दोन महिन्यांसाठी घ्यावं का? घरातल्या भांड्यांत जमत नाही? — एक वाचिका, अनगोळ, बेळगाव

किलो-दीड किलोला जमतं. मोठं पातेलं, तळाला तिवई, तिच्यावर स्टीलचा खोल डबा, डब्यावर बसेल अशी चाळण. पाणी तिवईच्या बेताने, डबा तरंगता कामा नये. चाळणीत फळं, पातेल्यावर घट्ट झाकण, आणि झाकणाला आतून पंचा बांधा. नाहीतर झाकणावरचं वाफेचं पाणी टपटप रसात पडतं. पाऊण ते एक तास. मोदकपात्रातही होतं. कुकरमध्ये करायचं तर शिट्टी काढून ठेवायची, वाफेच्या तोंडावर काहीही येऊ द्यायचं नाही.

वर्षाला पंधरा-वीस किलो फळं होत असतील तर मात्र ज्यूसर घ्या. बेळगावच्या खडे बाजारात किंवा ऑनलाइन, कुठूनही घ्या, पण तीन गोष्टी बघून. मधलं भांडं आणि चाळण स्टेनलेस स्टीलची हवी. अॅल्युमिनियम आंबट रसाने झिजतं आणि जांभळाचा रंग निळसर-करडा करतं. तळ जाड हवा. नळी काढता-घालता येणारी हवी, कारण सगळ्यात आधी तीच खराब होते. शेगडी इंडक्शनची असेल तर तळाला लोहचुंबक चिकटतो का ते दुकानातच बघा.

प्रश्न : उरलेला चोथा फेकवत नाही. काय करावं? — एक वाचक, चंदगड

जांभळाचा चोथा मोठ्या भोकांच्या चाळणीवर हाताने चोळून बिया वेगळ्या करा. गरात किलोला अर्धा किलो साखर आणि एका लिंबाचा रस घालून आटवा, तेल लावलेल्या ताटात पसरा, उन्हात वाळवा : पोळी होते, आंब्याच्या पोळीइतकी चवदार नाही पण मुलं संपवतात. करवंदाच्या चोथ्याची गूळ-तिखट घालून चटणी. द्राक्षाचा चोथा खताच्या खड्ड्यात, त्यात चव उरलेली नसते.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. रोज जांभळाचा रस दिला तर गोळ्या कमी करता येतील का? — एक वाचिका, हिंडलगा

नाही. गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांचा. रसात फळाचा चोथा राहत नाही आणि साखर घातलेली असेल तर ती सरळ रक्तात जाते. वाफेवरच्या बिनसाखरेच्या जांभूळ रसाची लहान वाटी चालेल का, हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. द्राक्षाचा रस मात्र नकोच, त्यात साखर न घालताही १०० मिलिलिटरला पंधरा ग्रॅमच्या आसपास साखर असते.

प्रश्न : नळीला आंबूस वास येतो, धुऊनही जात नाही. — एक वाचक, खानापूर

रस काढून झाल्या झाल्या, नळी गरम असतानाच तिच्यातून उकळतं पाणी ओता. दुसऱ्या दिवशी धुतली तर आत बुरशीचा पातळ थर बसलेला असतो. बाटली धुण्याच्या लांब ब्रशला दोरी बांधून तो आरपार ओढा, मग एक भाग व्हिनेगर आणि एक भाग पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी धुऊन, गुंडाळी न करता, खिळ्याला उभी टांगा. एवढं करूनही वास राहिला तर नवी नळी घ्या. तोटीचं बाहेरचं माप कागदावर लिहून न्या, नाहीतर दुकानात अंदाजाने घेतलेली नळी सैल बसते आणि गरम रसात निसटते. बोअरच्या पाण्याने तळाच्या भांड्यात पांढरा थर जमत असेल तर उरलेलं तेच व्हिनेगर त्यात ओतून उकळा.